यार्ड नंबर

"तुह्या जहाजाचं नाव काय वं?"
नाव नाही, बाबा. नुसता नंबर.
तटरक्षक दलाचं, सातातलं तिसरं.
दिल्लीत सह्या झाल्या तेव्हा मी
आरमोरीच्या आयटीआयत
पहिला रॉड पत्र्याला चिकटवून बसले होते.

डोंग्यालाही नाव नसतं.
बाबा मोहाच्या खोडाला कान लावून
आतली भेग ऐकायचे.
मी सांध्यावर लाल रंग फवारते, पुसते,
थांबते.
भेग असली तर लाल परत वर येतो.

"पण लोखंड तरंगते कसं?"
गंजातल्या पाण्यात वाटी सोडून दाखवली.
बराच वेळ पाहिलं. मग तिच्या पोटात बोट घालून म्हणाले,
"रिकामी हाय म्हणून."

वैनगंगेवर आता पूल आहे.
पलीकडे जायला कोणी हाक मारत नाही.
तरी संध्याकाळी
डोंग्यातलं पाणी उपसून आले.