बियाणं कंपनीची डायरी

मुखपृष्ठावर बोंडांनी लगडलेलं झाड,
आत माझं अक्षर.
डायरी जुनी आहे, तारखांचं मी काही मानत नाही.
चौदा मार्चच्या पानावर स्टार्टरचा रिले,
पोळ्याच्या पानावर
पाण्यात पडलेला फोन, तीन दिवस तांदळात.

दुकान बोरी फाट्यावर, पानठेल्याला लागून,
सहा बाय आठ.
राळेचा वास माझ्या सदऱ्यांतून जात नाही.
दिवसा दुरुस्त करतो.
रात्री लाइन गेली की
दुरुस्त कसं केलं ते लिहितो.

कोणी सांगितलं नव्हतं.
पानठेल्यावरचा गुलाब नगराळे विचारतो,
"कायले लिवतं बे एवढं? पैसे भेटते का?"
नाही भेटत.
पेनाचे माझेच जातात.

दिवाळी झाली की
वेचणाऱ्या बायांचे फोन येतात.
चार्जिंगच्या भोकात कापसाचं तूस,
दाबून दाबून बसलेलं,
पिंजाऱ्यानं आत बारकी गादी भरावी तसं.
सुईनं काढतो. एका हंगामाचं
काडेपेटीत साठवून पाहिलं,
त्याची जेमतेम एक वात झाली.
लावली.
अर्धं वाक्य होईस्तोवर टिकली.

फोनचं काय, तो दहा मिनिटांत होतो.
वाक्य होत नाही.

रुखमाबाई आत्राम काउंटरवर फोन ठेवून म्हणाली,
"पाय बरं, आंबला वाटते."
मी रात्री लिहिलं: अंतर्गत साठवण क्षमता संपल्यामुळे.
खोडलं.
लिहिलं: फोन अडकतो, हँग होतो, मंदावतो.
तिन्ही खोडलं.
दिवसभर पाठीशी ओटी बांधून
तासातासांतून फिरलेल्या बाईला
जो शब्द सापडला होता
तो मला पहाटेपर्यंत दिसला नाही,
माझ्याच कानात असून.
आता त्या पानावर एवढंच आहे:
फोन आंबतो. त्याला थोडं रिकामं करा.

मग निकेश कोवे.
दोन पानं झेरॉक्स करून नेली त्यानं,
न विचारता.
आठ दिवसांनी सायकल उभी करायच्या आधीच ओरडला,
"दादा, तुमी तांबडी तार लिवली!
थे तं पिवळी हाय!
फ्यूज उडाला ना माया!"

माझे कान तापले.
डायरी काढली, बोट ठेवून पाहिलं.
खरंच. तांबडी.
आणि ती चूक
दुसऱ्या पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत होती.

शेवटच्या ओळीत.

म्हणजे पोरगं तिथपर्यंत आलं होतं,
माझा तो लांबलचक पहिला परिच्छेद ओलांडून,
जिथे मी विनाकारण
विहिरीतल्या मोटारीच्या आवाजाचं वर्णन केलं आहे.

"थे आवाजाचं वाचलं का?" मी विचारलं.
"हाव," म्हणाला. "तसाच येते."

तांबडीवर एकच आडवी रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.
वर लिहिलं, पिवळी.
समासात: चूक दाखवली, निकेश कोवे, आठवी.
फ्यूजचे पंधरा रुपये दिले.
त्यानं मोजून घेतले.

गुलाबला सांगितलं,
भेटत नाहीत, उलट लागतात.
तो चुन्याचं बोट पानावर फिरवत राहिला.

आज बॅटरीवर लिहायला बसलोय.
मे महिन्यात, टिनाखाली ठेवलेल्या फोनमध्ये
ती फुगते, मागचं झाकण उचलते.
पोळीसारखी, असं लिहिलं.
पण पोळी फुगली की घरात बरं वाटतं,
आणि हिला तर हात लावू नका म्हणून सांगायचंय.
मग कशासारखी?

गुलाब शटर ओढता ओढता थांबतो.
वाकून पानाकडे बघतो, त्याला वाचता येतं
हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.
"बेडकावानी लिव ना बे,
डिवचलेल्या."

लिहून ठेवतो.
उद्या बहुतेक खोडेन.