जन्मगावाची तळटीप

रीगरसाहेबांचं मराठी पोथ्यांतून आलेलं.
चहा नको असला की म्हणत, "चहाचा अभाव चालेल."
शनिवार पेठेतल्या आमच्या छापखान्यात
पायरीवर चपला काढून येत, देवळात यावं तसे,
आणि खिळ्यांच्या खणांवर वाकून विचारत,
"केरबा, आज 'ज्ञ' पुरतील?"

'ज्ञ' कधीच पुरले नाहीत.

न्यायशास्त्राचा एक ग्रंथ, त्याच्या सात प्रती:
काशीची, तंजावरची,
एक वाईच्या माळ्यावरची, उंदरांनी आधीच संपादित केलेली.
सातांतून एक वाक्य उभं करायला
साहेबांना कधी कधी आठवडा लागे.
वर दोन ओळी, खाली पानभर टीपा.
मालक मोघे म्हणत,
"या माणसाचं अंगणच घरापेक्षा मोठं."

एकदा परदेशी नागरिकांचा फॉर्म आला. जन्मगाव?
साहेबांनी नाव लिहिलं,
डोक्यावर बारीक आकडा घातला
आणि तळाशी टीप:
'युद्धानंतर दुसरे नाव. रस्त्यांचीही बदलली.
संपादकाने मूळ प्रत पुन्हा पाहिलेली नाही.'
कचेरीतून फॉर्म परत आला.
त्यांनी टीप खोडली नाही. फक्त अक्षर सुवाच्य केलं.

मग एकसष्टचा जुलै. पानशेत फुटलं
तेव्हा दुसरा खंड मशीनवर होता.
पाणी ओसरल्यावर आम्ही फावड्यानं खिळे उपसले,
क, ट, काने, वेलांट्या,
सगळी भाषा एका चिखलात.
मी रडलो. बावीस वर्षांचा होतो.
साहेब विजार दुमडून उभे.
पोथ्यांच्या रिकाम्या फळीकडे बघत म्हणाले,
"'इथे नाही' हेसुद्धा दिसतं, केरबा.
आमच्या शास्त्रात तो सातवा पदार्थ."

आमच्या, म्हणाले.

आणि बादली मागून घेतली,
दिवे लागेपर्यंत 'ज्ञ' वेचत बसले.

दुसरा खंड आठ वर्षांनी निघाला. तिसरा नाही.

ते गेले तेव्हा पेपरात चार ओळी आल्या,
आतल्या पानावर, सिमेंटच्या जाहिरातीखाली.
'रिगर' छापलं होतं.
सवयीनं लाल शाईनं मी दीर्घ केलं.
पुढे जन्मगाव होतं,
नवं नाव, बिनटीपेचं, निःशंक.

तिथं खूण करायला
समास पुरेना.