निव्वळ

सावद्याच्या बायपासवर रात्रपाळीचा काटा माझा.
माझा म्हणजे दीपचंदशेठचा,
मी नुसतं बटण दाबतो.
संध्याकाळी रिकामा ट्रक येतो, आकडा घेतो.
पहाटे केळी भरून येतो, पुन्हा आकडा.
मोठ्यातून छोटा गेला की उरतं ते निव्वळ.
अकरा वर्षं हीच वजाबाकी
आणि चिठ्ठीवर जांभळा शिक्का.

कादंबरी वाचनालयातल्या भारंबेबाईंनी दिली.
मी खुनाची मागितली होती.
"ह्यातही एक जण काहीतरी शोधतोच की," म्हणाल्या.

शोधत नव्हता. परत करत होता.
कुणाची छत्री, कुणाचं दावं,
शेजारणीची विहिरीत पडलेली बादली,
शाळामास्तरांनी मारलेली एक छडीसुद्धा.
पान सव्वीसवर बापाला नाव देऊन टाकलं,
पुढची अडीचशे पानं नुसता 'तो'.
शेवटी त्याच्याजवळ एक टमरेल उरतं
आणि मालक सापडत नाही.
तिथंच संपते.

मला राग आला.
मेच्या रात्री अकरालाही पत्रा पोळत होता,
कूलरमधलं पाणी संपून नुसती गरम हवा फिरत होती
आणि ह्या माणसानं टमरेलावर आणून सोडलं!
पानाच्या कडेला पेन्सिलीनं आधीच कुणीतरी लिहिलं होतं,
'असं कुठं असतं का?'
अक्षर बाईमाणसाचं वाटलं.

गंमत म्हणून पुस्तक काट्यावर ठेवलं.
शून्य.
काटा दहा किलोच्या खाली काही मानत नाही.

मग सुरू झाला त्रास.
डब्यातली कळण्याची भाकरी मोडताना
वाटायला लागलं, ही कुणाची?
ज्वारी मामांकडची, उडीद उसना,
दळण रुख्मीनं आणलेलं, भूक तेवढी माझी.
तीही बहुतेक आईवर गेलेली.
बायको म्हणाली, "जेवताना बघत काय बसता,
ठेच्यात माशी पडलीय का?"

आता खरं सांगतो.
रिकाम्या गाडीत ड्रायव्हर बसलेला असतो,
भरलेल्या गाडीतही बसलेला असतो,
म्हणून वजाबाकीत तो आपोआप जातो.
दिल्लीपर्यंत रात्रंदिवस गाडी ओढणारा माणूस
कुठल्याच चिठ्ठीत नसतो.
पण भरलेली गाडी काट्यावर चढली
की गोटू मुकादम हाक मारतो,
"सुभान, उतर, च्या घे."
सुभान तडवी उतरतो.
सत्तर किलो केळी हवेत जातात.
वाघोद्याचा लोटू फिरके चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवतो,
मी शिक्का मारतो.
अकरा वर्षं च्या फार गोड झाला.

त्या पहाटे मी म्हणालो, "सुभानभाऊ, बसा आतच."
का म्हणालो, विचारू नका.
पुस्तकानं मला प्रामाणिक केलं असं म्हणालो
तर पुस्तकच हसेल.
अर्ध्या पानावर होतो, नजर तशीच वर गेली
आणि खिडकीत एक माणूस दिसला,
विडी विझवून, दारावर हात ठेवून,
उतरायच्या तयारीत.
गोटू बघत राहिला. लोटूला काहीच कळलं नाही.
सुभाननं दार ओढून घेतलं
आणि उगाचच एकदा हॉर्न वाजवला.

दुसऱ्या रात्री मी गप्प बसलो.
शेठचा फोन येऊन गेला होता.
तिसऱ्या रात्री बोललो.
चौथ्या रात्री गोटूनं मलाच च्या आणून दिला,
आणि मी, काय सांगू, प्यालो.

बावीस दिवस उशिरा पुस्तक परत केलं.
भारंबेबाईंनी दंड लावला, मग निम्मा केला.
"आवडलं?"
मी म्हणालो, "शेवट नाही त्याला."
"मलाही तसंच वाटलं होतं," म्हणाल्या
आणि टेबलावरची पेन्सिल उचलून
कार्डावर तारीख लिहिली.
मी अक्षराकडे बघत राहिलो.

हल्ली पहाटे, शेवटची गाडी गेली
की मीच काट्यावर जाऊन उभा राहतो.
लोखंड तेव्हा कुठं गार झालेलं असतं,
सातपुड्याकडून थोडं वारं येतं.
आत आकडा लागलेला असणार.
तो बघायला आत जावं
तर काट्यावर कुणी राहत नाही.