खांदा कुठला

तीन वर्षांत चार बॅगा संपल्या.
शेवटची ऑनलाइन, फोटोत तरतरीत.
हर्णैच्या हवेत श्रावण सरायच्या आत
तिची चेन हिरवी पडली, मग हललीच नाही.
मासळीच्या लिलावात, सगळ्यांदेखत,
दातांनी ओढत होते मी
पिग्मीचं मशीन काढायला.

मग अन्वर सारंगांकडे गेले.
बंदराच्या उतारावर ताडपत्र्या शिवतात.
म्हणाले, "ओता सगळं."
ओतलं. मशीन, खातेदारांची वही, शिक्क्याचं पॅड,
छत्री, पोळीचा डबा, प्रेशरच्या गोळ्या,
आणि एक सुपारी, कुणी दिलेली ते आठवेना.
सुरमई तोलावी तसा त्यांनी ढीग तोलला.

"चेन नाही लावायची. खारा वारा चेन खातो.
पितळी कडी घालतो, मोडीत निघालेल्या होडीची.
दोरा जाळ्याचा. कापड इचलकरंजीचं,
माझ्या बापानं घेतलं तिथलंच."
मग सुईत दोरा ओवता ओवता,
"खांदा कुठला?"

बावीस वर्षं दारोदार फिरते.
हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरनंसुद्धा.
"डावा," म्हटलं
आणि पदर उगाच सारखा केला.

साडेसहाशे. सवयीनं घासाघीस सुरू केली,
सहाशेवर आले,
आणि त्या रुंद, दुहेरी शिवलेल्या पट्ट्याकडे बघून
साडेसहाशेच मोजले.

डिझेलचा वास येतो अजून. येवो.
खाली ठेवली तर आधाराशिवाय उभी राहते.

त्याच नोटांतली पन्नासाची काढून
सारंगांनी माझ्या हातावर ठेवली, रोजची.
"लिहून घ्या, ताई."
पावती दिली. नोट आत टाकली.
कडी बसली.