झडती

मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या कडेला
ती दुमजली इमारत. पिवळा रंग नवा,
पायऱ्यांवर अजून त्याचे शिंतोडे.
मी गेलो ते एनएसएसचे तास कमी पडत होते म्हणून.
हे आधीच सांगून टाकतो.

बाकीच्यांना फराळ वाटायला मिळाला,
आकाशकंदील टांगायला, फोटो काढायला.
मला ढवळे मॅडमनी नेलकटर दिलं
आणि खाली अंथरायला एक जुना पेपर.
"उजेडातच उरक," म्हणाल्या,
"तिन्हीसांजेला कुणी नखाला हात लावू देत नाही इथे."

आधी कोमट पाण्यात पाय भिजवायचे, हे मला माहीत नव्हतं.
अंगठ्याचं नख शिंपल्याएवढं जाड होतं, हेही नाही.
इतक्या जवळून मी माझ्या आईचेसुद्धा पाय
पाहिले नव्हते.

अनसूयाबाई कोशिरे तयारच होईनात.
लेकराच्या मांडीवर पाय कसा ठेवू?
मग ठेवला, आणि लगेच मालकीण झाल्या:
"आरं, एवढं मुळाशी नको जाऊ.
डोळा सोडून वर काप."
नखाला कुठला डोळा?
त्या खिडकीबाहेर बघत होत्या.
पलीकडच्या बागेत छाटणी उरकलेली,
काड्या उघड्या, कापल्या टोकाला पाण्याचा थेंब.
"पेस्ट लावायला उशीर केलाय त्यानं," म्हणाल्या.
"आमची सात एकर होती. म्हणजे
हाताखालची म्हणते मी. नावावरची न्हाई."

तिदमे आजोबा रांगेत आलेच नाहीत.
नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये तेहतीस वर्षं.
कागद दिसला की त्यांना मोजायचा असतो:
पत्रावळी, रद्दी, औषधांच्या चिठ्ठ्या,
अंगठा ओला न करता, ओठ न हलवता,
शंभर झाले की एक हलकी टिचकी.
मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.
एका वेळी एकच हात मिळाला,
दुसरा कामावर.

भाऊबीज होती.
"भाऊ किती तुम्हाला?" मी उगाच विचारलं.
"चार. दोन वर गेले,
दोन कोर्टात."
साडेतीनला कोशिरेबाईंनी मला पाटावर बसवलं.
तबकात मी दहाची नोट टाकली, सुटी तेवढीच होती.
उठताना ती त्यांनी माझ्याच वरच्या खिशात सरकवली:
"बसला लागंल."

ऑफिसात वही होती.
आलो दहाला, निघालो चारला.
मी आठ तास लिहिले.
मॅडमनी फोनवर बोलता बोलता सही केली.

फाटकाशी तिदमे.
कुणी बाहेर निघालं की ते तिथे असतात.
तेहतीस वर्षं संध्याकाळी झडती देऊन घरी गेलेला माणूस
आता घेतो.
"हात वर."
मी केले.
नुकत्या कापलेल्या नखांच्या बोटांनी
त्यांनी बगला चाचपल्या, कंबर, पँटचे खिसे.
नेलकटर निघालं, द्यायचं विसरलेलं.
ते त्यांनी कठड्यावर ठेवलं, पुराव्यासारखं, जरा लांब.
मग वरच्या खिशातली नोट.
तिरप्या उन्हाकडे धरली. कड अंगठ्यानं चोळली.
कानाशी नेऊन किंचित फडफडवली.
"आपलीच आहे," म्हणाले. "जा."

दोन तास त्यांना सापडले नाहीत.

सिटीलिंक उशिरा आली. गार वारं सुटलं होतं,
कपाळावरचं कुंकू वाळून कातडी ओढत होतं,
एक तांदूळ भुवईत अडकलेला.
कंडक्टरनं हात पुढे केला.
वरच्या खिशात दहाची नोट असताना
मी मोबाइलवरून पैसे दिले.