एकशे बाराव्या वेळी

हौशी गेली, त्याच्या आदल्या सकाळी
वळसंगला नीलव्वाच्या गोठ्यात पोचले
तेव्हा कानाखालची गाठ लिंबाएवढी होती,
खांद्यापुढची त्याहून मोठी.
पापणी उलटली, आत जुन्या कागदाचा रंग.
गाठीत सुई घातली, थेंबभर ओढलं,
डबा मांडीवर धरून एसटीनं सोलापूर.

काचेखाली निळे ठिपके.
गोचिडानं पेरलेलं बी
गाईच्याच पांढऱ्या पेशीत बिऱ्हाड करून
तिलाच वाढ, वाढ म्हणत होतं.
पेशी ऐकत होती.
मरायचं विसरली होती.

वडील पूर्वभागात माग चालवायचे.
धोटा कितीदा गेला, कितीदा आला,
झोपेतही सांगायचे.
तशी मी मोजत आले:
सोमवारी, गुरुवारी गुलाबी पाणी बदलायचं,
एका बाटलीच्या चार करायच्या,
वीज गेली की इन्क्युबेटरला चादर गुंडाळायची,
घरचीच, मोराची, काठ उसवलेली.
चाळिसाव्या वेळचं टोचलेलं वासरू मेलं.
वहीत त्याचं नाव नाही, फक्त नऊ नंबर.
सत्तराव्या वेळचं वाचलं, एकशे सहा तापातून.
एकशे बाराव्या वेळी
परजीवी आपली धार विसरला.
कुणी शिकवलं नाही त्याला;
इतक्या पिढ्या गोचीड भेटला नाही, एवढंच.

मग नायट्रोजनची टाकी जीपमध्ये बांधून
पुन्हा वळसंग.
झाकण काढलं, पांढरा धूर सांडला,
पोरं मागं सरली, नीलव्वा पुढं आली.
सगळं सांगायचं असं ठरवलं नव्हतं.
सांगितलं.

"म्हंजे यात हौशी हाय?"
तिच्या पेशी आहेत. अजून वाढतायत.
"जित्त्या?"
हो.

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला,
घरात कुणी वडीलधारं आल्यासारखा.
मग हौशीच्या लेकीच्या कालवडीची मान धरून म्हणाली,
"टोच. पर दमानं.
आज्जी हाय तिची."

आज अकरावा दिवस.
ताप एकशे दोन पॉइंट आठ.
गाठ हाताला लागत नाही, अजून.
मी वहीत लिहितेय.
नीलव्वा कालवडीच्या कानातले गोचीड वेचून
रॉकेलच्या डबीत टाकतेय, एकेक,
लस असो नसो.