दोन फुटांवर

जेल रोडला, पाण्याच्या टाकीमागे,
ताजनपुऱ्यांच्या रो-हाऊसचा अंगणातला दिवा.
तक्रार काय, तर विझतो.
फोनवर मी म्हटलं, होल्डर सैल असेल.
सैल काहीच नव्हतं.

जावयाने मेनरोडवरून आणलेला, सेन्सरचा,
पोर्चच्या कोपऱ्यात घुबडासारखा बसवलेला.
पांढरा डोळा, खाली तीन बारक्या चकत्या:
किती वेळ, किती अंधार, किती लांबची नजर.
वीज वाचते म्हणाला होता जावई.
वाचतेच.

भिकाजीअण्णा खुर्चीत.
उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली,
डावी चालते, पण तिला घाई नसते.
सात वाजले की त्यांना अंगणात बसायचं असतं,
टीव्हीपासून लांब,
मांडीवर सकाळचा पेपर.
मथळा संपेपर्यंत उजेड.
मग अंधार.
मग डावा हात वर. उजेड.
दोन ओळी. अंधार. हात वर.
"शाळेत हजेरी एकदाच असायची,"
शब्द थोडे घरंगळत होते त्यांचे,
"प्रेसमध्ये दोनदा, येताना आणि जाताना.
इथे मिनिटामिनिटाला."

बोक्यासाठी लागतो हा दिवा.
कुरियरवाल्यासाठी लागतो.
एकदा रात्री दोनला, फाटकाशी खाजवत उभ्या गाढवासाठी
तासभर लागत राहिला.

शिडीवर चढून मी वेळेची चकती पार शेवटाला नेली.
सात मिनिटं, त्याहून जास्त नाही.
"माझं एक पान अकरा मिनिटांचं," अण्णा म्हणाले.

मग मी समजावून सांगितलं, उगाच.
हातात पक्कड आली की मला बोलायची खोड आहे.
म्हटलं, याला माणूस दिसत नाही, अण्णा,
हललेली ऊब दिसते.
ऊब एका जागी बसून राहिली
की ती याच्या लेखी भिंत.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मला वाटलं, चुकलंच.

एमसीबी पाडला. कपाळाला टॉर्च.
टेस्टर लावून पाहिला, दोनदा;
सातपूरच्या आयटीआयत सर सांगायचे,
पहिल्या वेळी टेस्टरवर विश्वास ठेवू नका.
तपकिरी वायर आत येते, निळी दोघांची,
लाल डोळ्यातून निघून दिव्याकडे जाते.
म्हणजे वीज आधी डोळ्याला विचारणार, कोणी आहे का,
आणि तो हो म्हणाला तरच पुढे.
लाल सोडवली. डोळा उतरवून पिशवीत टाकला.
तपकिरी केसिंगमधून भिंतीवरून खाली नेली
आणि परत वर आणली.

"स्विच दाराशीच ना, बाकीच्यांच्या ओळीत?"
मुलगी आतून, कणकेच्या हाताने.
नेहमीचा हिशेब जमिनीपासून साडेचार फूट.
मी खुर्चीशेजारी उकिडवी बसले
आणि अण्णांचा डावा हात आपोआप जिथे लोंबतो
तिथे पेन्सिलीने खूण केली.
दोन फूट. बोटभर कमीच.
"पोरं खेळतील त्याच्याशी."
खेळू देत.

आपल्याकडे स्विच खाली पडला की चालू.
म्हणजे हात नुसता सोडायचा,
पुढचं काम हाताचं वजन करतं.
अण्णांनी सोडला.
आम्ही तिघं थांबलो, एक मिनिट, तीन, सात.
कोणी हललं नाही, मुद्दाम.
मुलीच्या बोटांवर कणीक वाळली.
दिवा आपला होता तिथे.

पाचशेची नोट देण्याआधी
त्यांनी ती डाव्या हाताने दिव्याकडे धरली.
एकतीस वर्षं कोरे ताव असेच धरले होते,
कागदाच्या पोटातला चेहरा बघत.
"बरी आहे," म्हणाले, आणि दिली.

"पण बंद?" मुलगी म्हणाली.
बंद करायला हात उचलावा लागतो.
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.
"ते बघू सावकाश," अण्णा म्हणाले,
आणि पान उलटायला लागले.

मी स्कूटी काढली तेव्हा साडेनऊ झालेले.
दसकच्या वळणावरून एकदा मागे पाहिलं.
काही दिसलं नाही.
मधे टाकी येते.